एका गड्ड्याची वेणी

एका राज्यात एक राजा होता. राजाला सात दारांचा महाल होता, सात दारांना सात कुलपं होती, आणि सात कुलपांच्या सात किल्ल्या राजाच्या कमरेला होत्या. राजा चालला की किल्ल्या खुळखुळायच्या. आंधळ्यालाही कळायचं, वीरकेत महाराज आले. त्याच राज्यात, तटाच्या अंगाला, नागू माळी राहायचा. त्याची बायको बयजा. मातीच्या एका भिंतीपलीकडे नागूच्या थोरल्या भावाची विधवा हौसा, आणि हौसाची एकुलती पोर रंगू.

राजाचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध आलं की आधी मांजराला, भाकरी आली की आधी कुत्र्याला, मग आपल्याला. त्याने साळुंक्यांना बोलायला शिकवलं होतं. त्या गावभर फिरायच्या, खिडकीत बसायच्या, आणि ऐकलेलं सगळं संध्याकाळी महालात जाऊन सांगायच्या. त्यामुळे झालं काय, की माणसं बोलण्याआधी आढ्याकडे बघायची. शेजारी शेजाऱ्याला मीठ देताना तो ते का मागतो याचा विचार करायचा. नवरा बायकोच्या ताटाकडे बघून जेवायचा.

बयजा आणि हौसा तरी वेगळ्या कुठून असणार? सासू वारली तेव्हा पाटा हौसाच्या घरी राहिला आणि वरवंटा बयजाने उचलून आणला. तेव्हापासून सात वर्षं एकीकडे नुसता पाटा, दुसरीकडे नुसता वरवंटा. दोघीही चटणी दगडाने ठेचून खायच्या. पण मागायला कोणी गेली नाही. गेली तर दुसरी ठेवून घेईल!

एके दिवशी राजाच्या दरबारात धुनीनाथ नावाचा जादूगार आला. अंगाला राख, हातात लसणाचा एक गड्डा. सात पाकळ्यांचा, मोगऱ्यासारखा पांढरा. म्हणाला, "राजा, हा तुझ्या बागेत लाव. याच्या फोडणीचा वास जाईल तिथवर खोकला येणार नाही, ताप येणार नाही."

राजाने गड्डा घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि कुत्र्याला शीळ घातली.

धुनीनाथाचे डोळे लाल झाले. तो म्हणाला,

"उकरशील त्याचा दगड होईल,
पहारा ठेवशील त्याला कीड लागेल,
कुलपात घालशील ते कुजून जाईल.
तुला लागू, आणि तुझ्यासारखा संशय धरणाऱ्या सगळ्यांना लागू."

मग तो वळला, आणि जाता जाता उंबऱ्यात काहीतरी पुटपुटला. ते फक्त वळचणीला बसलेल्या एका साळुंकीने ऐकलं.

आता दुसरा कोणी राजा असता तर घाबरला असता. वीरकेत हसला. "म्हणजे मी कुलपं काढावीत, पहारे उठवावेत, असा याचा डाव आहे तर!" त्याने प्रत्येक कुलपावर दुसरा शिपाई बसवला, आणि शापाची गोष्ट बाहेर नेली तर जीभ छाटीन, अशी दरबाऱ्यांना ताकीद दिली.

थोड्याच दिवसांत कोठारातलं धान्य कुजलं. राजाने कोठावळ्याला कोंडलं. गावात खोकल्याची साथ आली. राणी अंथरुणाला खिळली. हौसाची रंगू रात्रंदिवस खोकू लागली. तेव्हा कुठे राजाने नागू माळ्याला बोलावून गड्ड्याच्या चार पाकळ्या लावायला दिल्या. उरलेल्या तीन स्वतःच्या कनवटीला लावल्या, कारण आता त्याचा कुलपांवरही भरवसा राहिला नव्हता.

नागूने पाकळ्या लावल्या. पण रोज सकाळी राजाचे शिपाई येऊन माती उकरायचे. पाकळ्या जागच्या जागी आहेत ना? कोणी नेल्या तर नाहीत? आठव्या दिवशी उकरलं तर मातीत चार खडे.

"माळ्याने पाकळ्या चोरल्या आणि खडे पुरले," राजा म्हणाला. नागूला तळघरात टाकलं.

बयजा फुलांची पाटी तशीच टाकून दरबारात गेली.

"महाराज, माझा नवरा चोर नाही."

"प्रत्येक चोराची बायको हेच म्हणते."

"उरलेल्या तीन पाकळ्या मला द्या."

"का? त्याही गिळायला?"

"पिकवायला."

राजाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "यात तुझा डाव काय?"

"नवरा, महाराज. दुसरा डाव नाही."

आतून राणीचा खोकला ऐकू येत होता. मग त्याने कनवटीची गाठ सोडली. "तीन कामं कर. लसूण रुजव. गड्डा भरलेला काढून दाखव. आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तो न सडता, कोंब न येता टिकव. तिन्ही झाली तर नवरा तुझा. एक जरी चुकलं, तर दसऱ्याला त्याचा कडेलोट."

बयजा घरी आली. परसात नागूने वाफा करून ठेवलाच होता, शेणखत आणि चुलीतली राख कालवलेला. तिने तीन पाकळ्या सालीसकट, बूड खाली आणि टोक वर करून, वीत वीत अंतरावर बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल टोकल्या. वरून माती सारखी केली, पाटाचं पाणी हळूच सोडलं.

चौथ्या दिवशी वाफ्याच्या कडेला ओल्या मातीत पावलाचा ठसा दिसला.

पाऊल बाईचं. उजव्या पायाची करंगळी बाहेर आलेली. अशी करंगळी गावात एकच होती, भिंतीपलीकडे. 'नेली! हौसाने पाकळी नेली!' तिने विचार केला नाही, नखांनी माती उकरली. पाकळी होती. खालून केसासारखी पांढरी मुळंही फुटली होती. बयजाने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासासरशी तिच्या तळहातावर पाकळीचा खडा झाला.

"उकरशील त्याचा दगड होईल," शेवग्यावरून कोणीतरी बोललं.

वर एक साळुंकी बसली होती. तिला शेपूट नव्हतं.

बयजा ओरडली, "चल नीघ! राजाची हेर तू!"

"होते. खरं सांगितलं म्हणून त्याने शेपूट उपटलं. ऐकायचं तर ऐक, नाहीतर हाकल."

बयजाने माती झटकली आणि साळुंकीला ढेकूळ फेकून मारलं. पण त्यानंतर तिने उरलेल्या दोन पाकळ्या उकरल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी दोन हिरवी टोकं वर आली. पहिलं काम झालं. राजाचा शिपाई येऊन, गुडघ्यावर बसून, दोनदा मोजून गेला.

आता बयजाला झोप कसली येते? तिने वाफ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. हातात काठी घेऊन दिवसभर दगडावर बसली. फुलं विकायला जाणं सोडलं. भिंतीपलीकडे भांडं वाजलं तरी ती काठी उचलायची. रंगू चेंडू शोधायला आली तर, "काय गं, आईने पाठवलं का बघायला?" असं विचारून तिला रडवलं. पोर खोकत खोकत परत गेली.

पौषात एका रोपाची पात मुरडली, मग पिवळी होऊन आडवी पडली. बयजाने हात लावला तर ते अलगद हातात आलं. खाली गड्डा धरत होता, पण आत पोकळ, आणि पोकळीत पांढरी अळी वळवळत होती.

"पहारा ठेवशील त्याला कीड लागेल," शेवग्यावरून आवाज आला.

"मेले, हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, राजाने पाठवली मला."

खरंच तसं म्हणाली असती ती. एक रोप उरलं होतं. एक रोप, आणि तळघरात नागू. तिने काठी मोडून चुलीत घातली, काट्या ओढून बाजूला केल्या, फुलांची पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराला गेली. पाय पुढे चालले होते, मान मागे वळत होती.

माघ सरला. फाल्गुन आला. एका दुपारी फुलं लवकर खपली आणि बयजा अवेळी घरी परतली. पाहते तर वाफ्यापाशी हौसा ओणवी बसलेली. हाताने पाटाची माती ओढून, पाणी आत यायचं वाफ्याचं दारं बुजवत होती. आत पाण्याचा टिपूस जात नव्हता, आणि उरलेल्या रोपाची पात शेंड्यापासून पिवळी पडली होती.

"शेवटी धरलीच!" बयजाने पाटी फेकली. "जाऊबाई, लाज नाही वाटत? सख्ख्या दिराच्या जिवावर उठलात?"

हौसा उठली. तिच्या हाताला चिखल होता. "ओरड. अजून मोठ्याने ओरड. राजाच्या साळुंक्या बहिऱ्या आहेत ना!"

"पाणी का तोडलंत?"

"पात पिवळी पडली म्हणून."

"पात पिवळी पडली तर पाणी द्यायचं की तोडायचं?"

"तोडायचं, शहाणे! लसणाची पात पिवळी पडून मान टाकायला लागली की गड्डा भरला समजायचं. आता पाणी पाजलंस तर तो जमिनीतच फुटेल आणि काढल्यावर महिनाभर टिकायचा नाही. भाऊजी शेवटचा पंधरवडा थेंब देत नसत. तू कधी बघितलंस? तू आपली बाजारात. लावणी झाली तेव्हाही ओल बघायला मीच आले होते."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

दुप्पट पाणी पाजलं असतं तिने.

पण तोंडच्या शब्दावर ऐकेल ती बयजा कसली? तशीच तडक महालापाशी गेली. तळघराला जमिनीलगत गजांचा एक झरोका होता. तिथे आडवी होऊन तिने हाक मारली, "अहो! शेवटी लसणाचं पाणी तोडायचं असतं का हो?"

खालून नागूचा खोल गेलेला आवाज आला. "पंधरा दिवस. नाही कळलं तर वहिनींना विचार. त्यांना ठाऊक आहे."

बयजा परत आली. हौसाला काही बोलली नाही, पण वाफ्याचं दारं उघडलंही नाही.

पंधरा दिवसांनी तिने खुरप्याने बाजूची माती सैल करून गड्डा काढला. मुठीएवढा, सात पाकळ्यांचा, मोगऱ्यासारखा पांढरा. धुतला नाही, पात कापली नाही. मुळांची माती हलक्या हाताने झाडली आणि सावलीत, वाऱ्याला सुकत ठेवला. साल वाजायला लागली तेव्हा तिने त्या एका गड्ड्याच्या पातीची, पोरीच्या केसांची घालतात तशी, छोटी वेणी घातली. राजाने गड्डा पाहिला, उजेडात धरला, हुंगला. दुसरं काम झालं.

"दसऱ्याला घेऊन ये," तो म्हणाला. "आणि लक्षात ठेव, मोजून ठेवल्यात मी पाकळ्या."

आता तिसरं काम. सगळ्यांत सोपं दिसणारं आणि सगळ्यांत अवघड.

बयजाने वेणी लाकडी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात बांधली. दारं बंद, खिडक्या बंद. मृगाचा पाऊस आला, भिंतींना ओल चढली. पंधराव्या दिवशी पेटीतून दर्प आला. उघडलं तर एक पाकळी मऊ पडून तिच्यावर हिरवी बुरशी धरली होती. बयजाने रडत रडत ती एकटी पाकळी काढून टाकली.

"कुलपात घालशील ते कुजून जाईल," खिडकीच्या फटीतून साळुंकी म्हणाली.

या खेपेला बयजाने ढेकूळ फेकलं नाही. खिडकी उघडली. "मग ठेवू कुठे? तूच सांग, बिनशेपटीचे."

"धुनीनाथ उंबऱ्यात पुटपुटला ते फक्त मी ऐकलं. म्हणाला, ज्याच्यावर सगळ्यांत जास्त संशय, त्याच्या उघड्या दारात ठेव. एवढं करशील तर तुझं सुटेल, आणि तुझ्या हातचं जो दुसऱ्याला न चाखवता खाईल त्याचंही."

एवढं बोलून ती उडाली.

बयजा खाली बसली. 'राजाचीच आहे ही,' तिला वाटलं. 'माझ्याच हाताने माझ्या नवऱ्याला कड्यावर न्यायला पाठवलंय.' हौसाच्या घराला कडी नव्हती. हौसा लाह्या भाजून विकायची, तेव्हा तिची चूल दिवसभर पेटलेली, दार दिवसभर उघडं, येणारे जाणारे दहा. आणि आत खोकणारी पोर. त्या वेणीतली एक पाकळी पोटात गेली तर पोर बरी होणार. कोणती आई हात आखडता घेईल?

तिने वेणीकडे पाहिलं. दुसऱ्या पाकळीवरही ओल धरत होती. बयजा उठली.

हौसा चुलीपाशी होती. बयजाने वेणी पुढे धरली. "जाऊबाई, ही तुमच्या चुलीवर टांगा. दसऱ्याला नेईन."

हौसाच्या हातातलं लाह्यांचं उलथणं थांबलं. "माझ्याकडे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोर खोकते माझी."

"ठाऊक आहे."

"दाराला कडी नाही माझ्या."

"तेही ठाऊक आहे."

"आणि उद्या काही झालं तर वेशीवर उभी राहून माझ्या नावाने बोंबलशील."

"बोंबलेन. पण ठेवा."

हौसाने हात पदराला पुसले, आणि चुलीच्या वर, जिथे धूर निवून पुढे सरकतो आणि दारातला वारा फिरतो, त्या आढ्याला वेणी बांधली.

चार महिने. बयजाला भिंतीपलीकडून रंगूचा खोकला ऐकू यायचा. खोकला आला की तिला वाईट वाटायचं, आणि लगेच जिवात जीवही यायचा, की वेणी अजून आहे. स्वतःचीच घृणा यायची तिला. श्रावणात एक दिवस सकाळपासून खोकला ऐकू आला नाही. दुपार झाली तरी नाही. बयजा ताडकन उठली. 'खाऊ घातली! पाकळी खाऊ घातली!' ती हौसाच्या दारापर्यंत गेली. दार उघडंच होतं. एक पाऊल पुढे टाकून मान वर केली की वेणी दिसली असती, पाकळ्या मोजता आल्या असत्या.

तिला उकरलेला खडा आठवला. ती अळी आठवली. पेटीतला दर्प आठवला.

बयजाने डोळे मिटले, पाठ फिरवली आणि घरी येऊन बसली. हाताला चाळा म्हणून सात वर्षांचा धूळ खाणारा वरवंटा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे रंगू खोकली. दमून दिवसभर झोपली होती पोर.

दसरा उजाडला. बयजा गेली. हौसाने वेणी खाली उतरवली. धुराने पात तांबूस झाली होती, पण साल कोरडी, कुरकुरीत, आणि आत सहाच्या सहा पाकळ्या टणक, एकीलाही कोंब नाही.

"हात गेला होता गं माझा," हौसा खाली बघत म्हणाली. "तीनदा गेला. पण तू 'बोंबलेन' म्हणालीस आणि तरी ठेवलीस. मग परत यायचा हात."

दोघी रंगूला घेऊन दरबारात गेल्या. राजाने पाकळ्या मोजल्या. "सहा! सातवी कुठे?"

"ती माझ्या कुलपाने खाल्ली, महाराज."

"आणि चार महिने कुठे होत्या?"

"जाऊबाईंच्या उघड्या दारात."

"जिच्याशी सात वर्षं तुझं भांडण? हिने विष भरलं असेल तर?"

"मलाही रोज तेच वाटत होतं, महाराज. रोज."

राजाने कुत्र्याला शीळ घालायला ओठ मुडपले. तेवढ्यात बिनशेपटीची साळुंकी येऊन सिंहासनाच्या पाठीवर बसली आणि म्हणाली, "राजा, मागच्या वेळीही तू शीळच घातलीस."

आतून राणी खोकली. एकदा, दोनदा, आणि मग खोकायलाही त्राण उरलं नसल्यासारखी गप्प झाली. राजाचे ओठ तसेच राहिले. शीळ काही वाजली नाही. त्याने एक पाकळी सोलली, हातात धरली, तिचा तिखट वास नाकात गेला, आणि डोळे घट्ट मिटून त्याने ती कचकन चावली.

त्याच्या डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या. आणि खट्! पहिलं कुलूप गळून पडलं. खट्! दुसरं. महालभर एकामागून एक सातही कुलपं जमिनीवर आली. तळघराचा दरवाजा आपोआप उघडला. बागेत नागूने लावलेल्या जागी चार खड्यांना चार हिरवी टोकं फुटली, आणि बयजाच्या परसातल्या खड्यालाही.

दुसरी पाकळी राणीला दिली. तिसरी रंगूला, आणि ती राजाने स्वतःच्या हाताने सोलून दिली. दोघींचा खोकला तिथल्या तिथे थांबला. कोठावळा सुटला. साळुंक्यांना सांगितलं, जा, आता आपल्या भाषेत बोला.

आणि तळघराच्या पायऱ्या चढून नागू वर आला. दाढी छातीपर्यंत, डोळे उजेडाने मिटलेले. बयजाला पाहून त्याने पहिलं विचारलं, "पाणी वेळेवर तोडलंस ना?"

"मी नाही," बयजा म्हणाली. "जाऊबाईंनी."

उरलेल्या तीन पाकळ्या त्याच आठवड्यात वाफ्यात गेल्या, बूड खाली, टोक वर. सात किल्ल्यांचं लोखंड वितळवून राजाने त्याची खुरपी करवली आणि माळीवाड्यात वाटली. मधली भिंत नागूने पाडली, तिची माती वाफ्यांना घातली. वर्षभराने हौसाच्या चुलीवर एका वेणीच्या बारा वेण्या झाल्या, बाराच्या शंभर. राजवाड्यापासून वेशीपर्यंत त्यांच्याच घरचा लसूण जाऊ लागला. रंगू धडधाकट झाली, बयजाची कूस उजवली, घरात माणूस वाढलं, आणि इतक्या वर्षांनी पाट्यावर वरवंटा आला. पहिली चटणी त्या दोघींनी मिळून वाटली. ती खाऊन सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या घरात ती चटणी पुन्हा कधी संपली नाही.